कागदाविना बोलणारे राजाकाका

राजाकाका एकच वाक्य दोनदा सारखं बोलत नसत. आणि मी पडलो व्हिडिओ गेमसाठी लोकांचे आवाज भरून घेणारा माणूस! माझ्या कामात वाक्य आधी कागदावर येतं, तेच पुढे पडद्यावर खाली अक्षरांत दिसतं, आणि बोलणाऱ्याने काना-मात्रेचा फरक न करता ते म्हणायचं असतं. आम्हा दोघांची गाठ कुणी घातली देव जाणे. तीन महिने मी डोकं धरून बसलो होतो. त्यानंतर कितीतरी गेम केले, पण कामावर जाताना पाय उचलून चालावंसं वाटलं ते त्या तीन महिन्यांतच.

काका घोडपदेवच्या चाळीत राहायचे. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते आणि जत्रांच्या दिवसांत रजा टाकून गावी दशावतारात काम करायला पळायचे. काम नेहमी राजाचं, म्हणून अख्खी चाळ त्यांना राजाकाका म्हणायची. आमचा स्टुडिओ परळला, अशाच एका बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. त्यावर काकांनी एक अक्षर काढलं नाही. सगळे काढतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आमच्या गेममध्ये एक म्हातारा तांडेल होता. खाडीतल्या किल्ल्यावर खेळणाऱ्याला होडीतून नेणारा आणि मार खाऊन आला की परत आणणारा. त्याच्यासाठी मी नऊ-दहा आवाज ऐकले होते. सगळे स्वच्छ, धुतलेले, इस्त्री केलेले. त्यातला एकही माणूस आयुष्यात कधी होडीत बसला असेल असं वाटेना. मग एक दिवस भोईवाड्यातल्या देवळाबाहेर, वाटेत चपला काढणाऱ्या एकाला एक म्हातारा झापताना ऐकला. झापणं असं, की तो माणूस चपला हातात घेऊन आत गेला. मी तिथेच त्यांना गाठलं. तेच राजाकाका.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात संवाद दिले. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात घातली.

"माका कागद नको, झिला. समोर कोण आसा, तेवढा सांग."

"समोर खेळणारा असतो, काका."

"तो काय बोलता?"

"काही नाही. बटण दाबतो."

"अरे मेल्या, मगे मी बोलू कोणाशी?"

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. तोंडाला रंग लावता लावता कथा ऐकायची, कोण कुणाचा कोण हे समजून घ्यायचं आणि मग पेटीचा सूर मिळाला की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. काकांना तेवढंच ठाऊक होतं. शेवटी माईकच्या पलीकडे मी खुर्ची टाकून बसलो. तो तांडेल गेममध्ये जे काही बोलतो ते सगळं माझ्याकडे बघून बोललेलं आहे. मला इतकं आपुलकीने माझ्या बापानेही कधी झापलं नव्हतं.

संगीताचं तेच. आम्ही परदेशी ढोल-व्हायोलिनचं तयार संगीत विकत घेऊन ठेवलं होतं. काकांनी पाच मिनिटं ऐकलं आणि जांभई दिली. "ह्या ऐकान माका झोप येता. तुझो तांडेल बुडात खाडीत." दुसऱ्या दिवशी ते चाळीतल्या पखवाजवाल्याला घेऊनच हजर झाले. पखवाजावर थाप पडली आणि काकांची पाठ ताठ झाली, आवाज पोटातून वर आला. ती थाप आम्ही तशीच ठेवली. गेममध्ये धुक्यात काही दिसत नसतं, पण लांबून पखवाज वाजला की खेळणाऱ्याला कळतं, म्हातारा आला, आता जीव वाचला. चित्र काढणाऱ्या पोरांनी वर्षभर घाम गाळला होता, पण त्या होडीत जीव आला तो त्या दिवशी.

एका किल्लेदाराच्या मरणाच्या किंकाळ्याही काकांकडूनच घ्यायच्या होत्या. गेममध्ये माणूस एकदा मरून भागत नाही, त्यामुळे पंधरा-वीस किंकाळ्या लागतात. दुसरा कुणी वैतागला असता. काकांनी कुणी दगाफटक्याने मारलेला, कुणी दमून पडलेला, कुणी बायकोची आठवण काढत गेलेला, अशी वीस वेगळी माणसं मारली. "रोज तसोच मेलंय तर बघतलो कोण?" म्हणाले आणि वर चहा मागितला.

आमचे साहेब मात्र सबटायटलसाठी हटून बसले. कागदावर एक आणि कानावर दुसरंच, हे चालणार नाही. मी रदबदली केली, काका बोलतील तेच आपण लिहू म्हटलं. साहेब कसेबसे कबूल झाले, एक सोडून. तांडेलाचा शेवटचा निरोप. किल्ला जिंकून खेळणारा कायमचा निघतो तेव्हाचं ते बोलणं आणखी चार भाषांत जायचं होतं. त्याचा मजकूर वरून मंजूर होऊन येणार आणि तोच शब्दशः बोलायचा, असं ठरलं.

तोवर काकांचा आवाज बसायला लागला होता. मी खडीसाखर आणून दिली. किंकाळ्यांचा ताण असेल, दुसरं काय! एका दुपारी काम लवकर संपलं, पखवाजवाला होताच. काका म्हणाले, "तो निरोप आत्ता बोलतंय, घे. आज बरा वाटता."

मी म्हणालो, "थांबा काका, मजकूर येऊ दे."

माझ्या तोंडचं हे वाक्य मी किती वेळा परत ऐकलंय ते विचारू नका. दोन आठवडे मजकूर इकडून तिकडे फिरला, कुणी एक शब्द बदलला, कुणी तो परत घातला. तो मंजूर होऊन माझ्या टेबलावर आला त्या दिवशी काका परळच्या एका इस्पितळात होते. घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेत आवाजाची पेटीच काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, ओरडल्यामुळे असं काही होत नसतं. होत नसेल. पण ज्या माणसाला आयुष्यात कधी कागद लागला नाही, त्याला मी कागदासाठी थांबवलं. ही चूक माझी. ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

साहेबांनी तोडगा काढला. एवढं रेकॉर्डिंग आहे, त्यावरून संगणक काकांच्या आवाजात निरोप बोलेल. फक्त काकांची सही हवी. तो फॉर्म घेऊन मीच घोडपदेवला गेलो. खोटं कशाला बोलू, त्यांनी सही करावी असं मलाही वाटत होतं. माझी सुटका झाली असती. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आता बोलण्यासाठी जवळ ठेवलेली पाटी ओढली आणि लिहिलं, "तो बोलात. पण कोणाक?"

मी फॉर्म परत आणला. साहेब चिडले, पण सहीविना इलाज नव्हता. गेम निघाला तो तसाच. शेवटी तांडेल होडी किनाऱ्याला लावतो, हात वर करतो, पखवाज वाजतो आणि थांबतो. बस. अजूनही लोक तक्रार पाठवतात, शेवटी आवाज येत नाही, दुरुस्त करा. उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आहे. 'हे मुद्दाम तसं ठेवलं आहे' असं मी लिहितो. लिहून लिहून थकलोय.

काकांकडे अधूनमधून जातो. गेम त्यांच्या फोनमध्ये मीच घालून दिला होता. मागच्या खेपेला गेलो तेव्हा काका खिडकीपाशी खुर्चीत होते आणि काकी खाली चटईवर फोन मांडीत घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर होडी, धुकं आणि तांडेल. काकी काही दाबत नव्हत्या. खेळणारा बराच वेळ हलला नाही की तांडेल आपणहून बोलायला लागतो, तसा तो बोलला.

"अजून हयच? जेवलंस तरी काय?"

"जेवलंय हो," काकी फोनकडे बघून म्हणाल्या. काका त्यांच्याकडे बघत होते.

मी उगाच म्हटलं, "काकी, पुढे कसं जायचं ते दाखवू का? किल्ला जिंकता येतो."

काकींनी फोन पदराखाली घेतला.

"नको रे बाबा. भाच्यान दाखवल्यान माका. शेवटाक गेल्यार हे गप होतत. मी थय जावचंय नाय."