आवणीच्या दिवशी सोडलेले गाव

मी गाव सोडले तो भाताच्या आवणीचा दिवस होता. घरचे सगळे गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावत होते आणि मी कोरडे धोतर, कोट, हातात पत्र्याची ट्रंक अशा थाटात बांधावर उभा. कचेरीत उमेदवार कारकून म्हणून हजर होण्याचा हुकूम खिशात होता. मळवली स्टेशनावर गाडी गाठायची होती. वडील जवळ आले नाहीत. मान वर करून एवढेच म्हणाले, "जा. पन तुझी ओळ कोन लावनार?"

मी ट्रंक उचलून चालू लागलो. थांबलो असतो तर गाडी चुकली असती.

पुढे चौतीस वर्षे सरकारी नोकरी. कारकून, अव्वल कारकून आणि शेवटची अकरा वर्षे मामलेदार. बारा बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीला मी सामानाची यादी करी, पाट्या-वरवंट्यापासून दिव्याच्या काचेपर्यंत. एकही वस्तू कधी हरवली नाही. दुसरे युद्ध संपले त्या सुमारास पेन्शन झाली. हार, ग्रुप फोटो, भाषणे. माझ्या शिस्तीची स्तुती तिघांनी केली. तिचा ज्यांना सर्वांत जास्त जाच झाला होता, तेच ते तिघे.

'पेन्शन घेतली की गावी जाऊन राहू' असे नोकरीच्या गावी बसून म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आणि गावकऱ्यांनो, तुमच्यासाठीही. कुणीतरी वाचून दाखवीलच. मला तुमचा राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

बायकोने लोणावळ्यात घर घ्यायला लावले. तिथे नळ, दवाखाना, बाजार. "गावाची हौस तुमची, तुम्हीच फेडा," असे तिने स्पष्ट सांगितले. म्हणून मी एकटाच कार्ल्यापलीकडे आमच्या गावी, वडिलांच्या जुन्या घरात आलो. वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. आमची भाताची खाचरे थोरला चुलतभाऊ भिकादादा करीत होता. त्याने बांधावरूनच हात फिरवला. "हितपासनं तितपातुर तुझं. घे आन कर." बस म्हणाला नाही, पाणीही विचारले नाही.

आमच्याकडे आवणी सावडीने होते. आज सगळे तुझ्या वावरात, उद्या माझ्या; मजुरी नाही, दिवसाला दिवस. पण कोणाचे वावर आधी हे संध्याकाळी बांधावर, विड्या ओढत, भांडून ठरते. मला ते बघवेना. मी फुलस्केप कागदावर तक्ता आखला: एकवीस घरे, कोणाचे वावर कोणत्या दिवशी, माणसे किती, किती वाजता हजर. माझे वावर पाचव्या दिवशी ठेवले. पहिले नव्हे, तेवढे मलाही कळते. तक्ता चावडीच्या खांबाला चिकटवला.

पाचव्या दिवशी मी सातलाच बांधावर उभा राहिलो. कोणी आले नाही. पलीकडे भिकादादाच्या वावरात अख्खे गाव वाकले होते. नऊ वाजता मी तिकडे गेलो आणि कचेरीतल्या आवाजात विचारले, "तक्ता वाचला नाही का कुणी?"

भिकादादाची बायको, पार्वतीवहिनी, वर न बघता म्हणाली, "वाचला की, रावसाहेब. पावसानं बी वाचला, आन घिऊन ग्येला."

सगळे खिदळले. भिकादादा मात्र हसला नाही. "मागं बी तूच यादी केलतीस," तो म्हणाला.

मला आठवले. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक साहेब डाक बंगल्यात उतरला होता. त्याला पावसातला लोहगड बघायचा होता. खुर्च्या, पेट्या, खाण्याचे सामान वर न्यायला वेठीची माणसे हवी होती आणि नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्या गावांतली नावे विचारत हिंडावे लागले असते. आमच्या गावातली मला पाठ होती. सात नावे मी बसल्या जागी, सुवाच्य अक्षरात लिहिली. पहिले भिकादादाचे, कारण तो सर्वांत दणकट.

"साहेबाचा हुकूम होता," मी म्हणालो.

"हुकूम सायबाचा. नावं तू लिवलीस. आमी चार दिस गडावर खुर्च्या वाहिल्या, हितं रोपं पिवळी पडली."

शिरस्ता, कायदा, माझे तेव्हाचे वय: उत्तरे माझ्यापाशी तयार होती. तसली उत्तरे मी जन्मभर अर्जदारांना दिली. पण तेव्हा मी खुर्चीत असे. मी जोडे काढले, धोतर खोचले आणि रागारागाने चिखलात उतरलो.

"म्होरं न्हाई, भावजी!" वहिनी ओरडली. "मागं मागं सरायचं. आपल्याच रोपांवर पाय देताय."

दिवसभर लावले. माझी ओळ वाकडी गेली. वहिनीने निम्मी उपटून पुन्हा लावली, आणि तसे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सहालाच मी माझ्या बांधावर. दिवसाला दिवस. पुन्हा कोणी नाही. तणतणत भिकादादाकडे गेलो. "काल मी तुझ्या वावरात राबलो. आज तू का आला नाहीस?"

तो बैल जुंपत होता. "काल त्यो तुझा जुना दिस फिटला. तू ट्रंक घिऊन ग्येलास तवा तुझी ओळ म्या लावलती."

"मला कोणी सांगितले नाही."

"तू मागं वळून कुटं बघितलंस?"

मी विचारले, "आणि वेठीचे?"

"त्ये निराळं. सात घरं हायती. तितं इचार."

मी विचारले नाही. त्या सातांच्या वावरांत एकेक दिवस उतरलो. दोघे वारले होते. त्यांच्या मुलांच्या वावरात गेलो. कोणी आभार मानले नाहीत. आठव्या दिवशी माझ्या खाचरात तीन माणसे आली. तोवर माझी रोपे जून झाली होती, निम्मे वावर तसेच पडले.

लोणावळ्याच्या घरी यादीतले सगळे सामान जागच्या जागी आहे. शेजारी नमस्कार करतात, मामलेदारसाहेब म्हणतात. लोणावळा ही माझी तेरावी बदली. गावात मी आवणीपुरता येतो. संध्याकाळी बांधावर उभा असतो. विड्या ओढत, भांडत ते ठरवतात, उद्या कोणाचे वावर. मला कोणी विचारत नाही, आणि मला ते अजून झोंबते. पण ठरेपर्यंत मी हलत नाही. शेवटी भिकादादा माझ्याकडे न बघता सांगतो, "तुझी ओळ बांधाकडंची." तेवढे ऐकले की मी वडिलांच्या घरी झोपायला जातो.