सरव्याची तूर

भगुण्याच्या काठावर ओगराळं दोनदा वाजायचं. ठण, ठण. मग अक्का पदराने कपाळ पुसायची आणि म्हणायची, "मला एक सुचलंय."

हे ऐकलं की आम्ही पोरं ताटातला घास तसाच ठेवून मान वर करायचो. ऑफिसात हेडमास्तर सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. पुढे काय ऐकावं लागेल याचा त्यांना अंदाज असायचा.

अक्का आमच्या शाळेत स्वयंपाक करायची. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं आमचं गाव, मराठी शाळा आठवीपर्यंत. दुपारच्या जेवणाला आमच्याकडे सगळे बिशिऊट म्हणतात. तिला सगळे अक्काच म्हणत, आणि तिचं खरं नाव मला शाळा सुटेपर्यंत माहीत नव्हतं. हे सांगायला आता लाज वाटते. तुमच्याही शाळेत अशी कुणी असेल. तुम्ही तिला विचारलं होतं का नाव?

तिला सुचायचं ते शाळेसाठी पैसे उभे करायचं. पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणं तिला मुळीच पटायचं नाही. "मागायचं न्हाई," ती म्हणायची. "कायतरी देऊन घ्यायचं."

एकदा आम्हाला व्हॉलीबॉल आणि जाळी हवी होती. अक्काने सगळ्या शाळेला लिंबाच्या झाडांखाली पाठवलं. आम्ही लिंबोळ्या वेचल्या, व्हरांड्यात वाळवल्या आणि आळंदच्या खतवाल्याला विकल्या. बॉल आला. पण आठ दिवस शाळेला असा वास सुटला होता, की सर नाकाला रुमाल लावून भूगोल शिकवत होते. भीमा नदी कुठे उगम पावते ते मला अजून त्या रुमालातूनच ऐकू येतं.

दुसऱ्यांदा वर्गात पंखे नव्हते म्हणून तिला सुचलं, की शाळेची मोठी भांडी लग्नांना भाड्याने द्यावीत. सर खुर्चीतून उठलेच.

"अक्का, सरकारी भांडी हाईत ती. माझी नोकरी घालवतीस का?"

"भांडी सरकारी हाईत. माझं हात तर सरकारी न्हाईत न्हवं?"

त्या उन्हाळ्यात तिने तिघीचौघींना घेऊन एका लग्नाचा सगळा स्वयंपाक केला आणि वरबापाला सांगितलं, मजुरी नको, दोन पंखे द्या. ते पंखे अजून फिरतात. एक जरा कुरकुरतो.

आता जे सांगते ते माझ्या आठवीच्या वर्षाचं. मला ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आम्ही सहा मुली आठवीत होतो. पुढचं मराठी हायस्कूल आळंदला. तेव्हा बायकांना बस फुकट झाली नव्हती, आणि जी बस होती ती आमच्या फाट्यावर शाळा भरून गेल्यावर यायची. एकच उपाय होता, इस्माईल मामूंची टमटम. मामू म्हणाले होते, वर्षभर ने-आण करतो, पण जूनच्या आधी निम्मे पैसे हातात पाहिजेत, नाहीतर मी गाडी दुधाला लावतो. आमच्या घरांत तेवढे नव्हते. माझे अप्पा वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "टमटम ठरली तर जा. न्हाई ठरली तर आठवी बी कमी न्हाई." आमच्या घरात आठवीपर्यंत त्याआधी कुणीच पोचलं नव्हतं.

मी हे बिशिऊटच्या रांगेत अक्काला सांगितलं. तिने माझ्या ताटात भात वाढला, आणखी वाढला, आणि वाढतच राहिली. मग ठण, ठण.

"मला एक सुचलंय. सरवा."

रानातली तूर कापून, बडवून नेली, की शेंगा आणि दाणे मागे पडून राहतात. तो सरवा. जो वेचेल त्याचा. शेताचा मालक त्याला हात लावत नाही. त्याच आठवड्यात गावची रानं रिकामी झाली होती.

रविवारी सकाळी सगळी शाळा रानात. त्या दिवसासारखा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही रांगा करून वाकलो, पैजा लावल्या, एका रानातून दुसऱ्या रानात पळत गेलो. सरसुद्धा पँट दुमडून आले. अक्का बांधावर उभी राहून ओरडत होती, "ढेकळाखाली बघा रे, ढेकळाखाली असती." आम्ही ढेकळाखालीही बघितलं. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात पोत्यांची रांग लागली आणि मी मनात आळंदच्या हायस्कूलचा गणवेश घालून पाहिला.

सोमवारी दुपारी फाटकात तीन म्हाताऱ्या उभ्या होत्या. पुढे काशीबाई आजी, हातात रिकामं फडकं. भांडायला आली नव्हती.

"रानं झाडून नेलीस की गं, अक्का. एक शेंग न्हाई ठिवलीस."

अक्काचा हात भगुण्यातच थांबला.

"आमची वर्साची डाळ त्यातच असती," आजी म्हणाली. "तुला ठाव न्हाई व्हय? तुझी माय बी माझ्यासंगं येचायची."

ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्यांना रान नाही अशा म्हाताऱ्या सरवा वेचतात. पण शाळेचं काम म्हटल्यावर अक्काला, सरांना, आमच्या आयांना, कुणालाच ते त्या रविवारी आठवलं नाही.

"चुकलं माझं," अक्का म्हणाली. तिने ओगराळं खाली ठेवलं आणि सरांना न विचारता पोती फाटकाकडे ओढायला लागली.

खरं सांगते, मला तिचा राग आला. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. ती तिथे आली.

"कामून रडायलीस?"

"एक तरी पोतं ठिवायचं होतंस."

"दुसऱ्याच्या ताटातलं उचलून तुला आळंदला धाडू व्हय? मग तिथं काय शिकशील?"

नाक ओढत मी वर्गात गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भगुणं वाजलं नाही. सरांनीही दोन्ही दिवस चष्मा काढला नाही. ते मधूनमधून स्वयंपाकखोलीकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी भात अजून चुलीवर असतानाच ठण, ठण.

"मला एक सुचलंय. पण ह्या बारीला आधी काशीबाईला इचारते."

ती आजीच्या दारात जाऊन बसली. आम्ही सहाही जणी मागे.

"आज्जे, खायला लागंल तेवढी तूर काढून ठिव. उरलेली बाजारात इकशील?"

"मग काय पुजा करू तिची?"

"इकू नको. जात्यावर भरड. डाळ कर. पोरी पाणी आणतील, पाखडतील, पिशव्या शिवतील. कडगंचीला इद्यापीठात लांबलांबची माणसं ऱ्हातेत, त्यांना इकू. तुरीचा बाजारभाव तुमचा. डाळीचं वर काय मिळंल ते पोरींच्या टमटमला."

आजीने तंबाखूची पिंक टाकली. "आन माझ्या हाताचं?"

अक्का हसली. "वरलं निम्मं तुमचं."

"आता बोललीस."

मग आजीच्या अंगणात जे सुरू झालं त्याला काय नाव द्यावं कळत नाही. तूर भिजवली, तेलाचा हात लावला, वाळवली. तीन जाती एकदम फिरत होती. माझ्या केसांत तुरीची टरफलं, आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या, आणि आजी दर थोड्या वेळाने ओरडायची, "सूप धरायलीस का पुस्तक?" मी पहिल्यांदा पाखडायला शिकले ते तिच्याकडून, आणि ती माझ्याकडून पिशवीवर सही करायला.

मामूंनी एक फेरी फुकट दिली. कडगंचीला विद्यापीठाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली आम्ही पिशव्या मांडल्या. माणसं बघत आणि पुढे जात. आमच्या तोंडातून आवाज फुटेना. अक्काने स्टोव्ह पेटवला, छोट्या भगुण्यात डाळ शिजवली, हळद-मीठ घातलं आणि काठावर ठण, ठण. जाणारी माणसं वळली.

एकाशी ती कन्नडात बोलली, दुसऱ्याशी उर्दूत. प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि वर वरण.

एका प्राध्यापिका बाईंनी विचारलं, "कितने का है?"

"पैले चखो," अक्का म्हणाली. "पैसे भागते नहीं."

बाईंनी खाल्लं, परत हात पुढे केला आणि माझ्याकडे वळल्या. "कौन सी क्लास में हो?"

"आठवीं."

"उसके बाद?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने वरण ढवळत, मान वर न करता सांगून टाकलं, "नव्वी. आळंद में."

जणू ते कधीच ठरलेलं होतं. त्या क्षणी मलाही तसंच वाटलं, आणि माझा आवाज असा काही सुटला की दुपारपर्यंत मी एकटीनेच सगळ्यांत जास्त पिशव्या विकल्या. पुढच्या दोन रविवारी माणसं आमची वाट बघत उभी होती.

जूनमध्ये टमटम फाट्यावर आली. माझं दप्तर अप्पांनी स्वतः आत ठेवलं. अक्का निरोप द्यायला आली नाही. तिची चूल पेटायची वेळ होती.

आता मी गुलबर्ग्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या आमच्या मंडळाला वाचनालयासाठी पैसे उभे करायचे आहेत, आणि परवा कुणीतरी पावती पुस्तकं छापू म्हणालं. मी हात वर केला. बोलताना अडखळले, पण बोलले, मागायचं नाही, काहीतरी देऊन घ्यायचं. मग वाटलं, हे आधी अक्काला विचारून यावं.

शाळेत गेले तर चुलीपाशी दुसरी बाई होती. साठ झाली की थांबवतात, तसं अक्काला थांबवलं होतं. ती उमरग्याला लेकीकडे गेली म्हणे. जाताना लेकीचा पत्ता कुणाला देऊन गेली नव्हती. काशीबाई आजी असती तर तिला माहीत असता.

नवी बाई चांगली होती. तिने मला बस म्हटलं, आणि भगुण्याचं झाकण सारखं करत कुरकुरली, "आधीच्या बाईनं काठ चेपवून ठिवलाय बघ. कसं बी लाव, झाकण बसत न्हाई."

काठाला एका जागी बोटभर खोलगट खळगा पडला होता. तिथून वाफ बाहेर येत होती, आणि रांगेतली पोरं त्या वासाने माना वर करून बघत होती.