कडी कुठल्या बाजूला

फिलोमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचाच अर्ज लिहीत होते... मार्कहॅमजवळच्या वृद्धाश्रमात ती पहिल्या मजल्यावर आणि तिचे यजमान जोसेफकाका तिसऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुलूपबंद मजल्यावर. दोघांना एका खोलीत ठेवा, एवढीच मागणी. पाच आठवडे झाले, अर्ज अर्धाच आहे.

आईची ही वसईची मैत्रीण वास्तुविशारद. कॅनडात येण्याआधी ती आयर्लंडमध्ये जुन्या इमारतींची मोजणी करायची. तिथल्या एका वर्कहाउसचा, म्हणजे कंगालांना ठेवायच्या इमारतीचा, तिनं काढलेला नकाशा तिच्या मिसिसागाच्या घरी बेसमेंटमध्ये टांगलेला असे. उपाशी कुटुंब एका दारातून आत यायचं आणि तिथूनच फुटायचं: बाप एका अंगणात, आई दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. खिडक्या इतक्या उंच, की उजेड यावा पण पलीकडचं आपलं माणूस दिसू नये. मी इथल्याच विंडसरला, बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर वाढलेली. तो नकाशा बघून तावातावानं बोलू लागले. मावशी म्हणाली, "पत्रक नंतर वाच गं बाई, आधी कडी कुठल्या बाजूला आहे ते बघ." प्रत्येक दारावर तिनं कडीच्या बाजूला लाल टिंब दिलं होतं. सगळी बाहेरून. "बांधणारे काही राक्षस नव्हते हां. सगळं नियमानं."

वृद्धाश्रमातही नियमच होता. चार वाजता नर्स कोड दाबून मावशीला वर आत सोडायची, पाचला बाहेर आणायची. तिची स्मरणशक्ती शाबूत, म्हणून त्या मजल्यावर जागा नाही. शेवटी मावशीनं ठरवलं, स्मरणशक्तीच्या चाचणीत मुद्दाम नापास व्हायचं. "विसरायची प्रॅक्टिस करतेय, येतेच वर," तिनं काकांना सांगितलं. काका त्या दिवशी भानावर होते. "तू? अगं, आपली भांडणं तू तारखेनिशी सांगतेस!"

चाचणीत घड्याळ काढायला सांगितलं. मावशी परतली ती मान खाली घालून. "पास झाले गं... पेन्सिल हातात आली आणि वर्तुळ गोलच निघालं. बाराही आकडे जागच्या जागी. वाकडं काढवेचना." मी हसले. ती हसली नाही. त्यानंतर ती जेवणही अर्धं टाकू लागली...

तिची खोली आवरताना उशीखाली तिसऱ्या मजल्याचा नकाशा सापडला. लांब पॅसेज, काकांचा पलंग, न उघडणारी खिडकी, आणि दाराशी लाल टिंब. चार वाजले की काका अजून त्या दाराकडे तोंड करून बसतात. परवा मी नकाशा घेऊन त्या दाराबाहेर उभी होते. कोडची पेटी बरोबर टिंबाच्या जागी होती... माझ्या बाजूला.