कानाला लावलेला पेचकस

अचलपूरचा आमचा स्कूटर मेकॅनिक पेचकसाचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि स्कूटरलाच विचारतो, "काहून रडून राहिली वं माय?" कापूस बुडाला त्या साली चिखलदऱ्याला थ्रिलरचं शूटिंग आलं. त्यांची गाडी हा दुरुस्त करत असताना त्यांना ही लकब दिसली आणि भलतीच आवडली. त्यांनी त्याच्या डोळ्यांत सुरमा घातला, डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि सिनेमात त्याला बाईच्या दाराला पेचकस लावून ऐकणारा माथेफिरू केला. आवाजही दुसऱ्याचा, जड उर्दूतला.

"माह्या घरी असं कोनीच नाई बोलत," त्यानं सांगून पाहिलं होतं.

आता बाई स्कूटर घेऊन आली, की तो पेचकस खिशातच ठेवतो. त्या हरामखोरांना मी रोज शिव्या घालतो. पण अमरावतीच्या थेटरात त्याच्या शेजारी बसून मीही दचकलो होतो, आणि ते त्यानं पाहिलं.