लिंबू पेलेल असा चाकू

चाकू निवडायचा असेल तर मला बोलवावं. बढाई मारत नाही, पण पर्समध्ये कंगव्याशेजारी चाकू बाळगणारी बाई आमच्या पंचक्रोशीत मी एकटीच असेन. समुद्राकडच्या गावात माझी नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि वाडी म्हटली की दिवसभर काही ना काही कापायचं असतंच. कधी सुतळी, कधी खताच्या गोणीचं तोंड, कधी केळीचं पान. दर वेळी घरात जाऊन सुरी आणायची म्हणजे पायांचे तुकडे. म्हणून मिटणारा चाकू. एसटीत शेजारणीसाठी पेरू कापायला तो काढला की आधी ती दचकते आणि मग फोड खाते.

माझ्या भाच्याला हे सगळं ठाऊक होतं. भावाचा एकुलता एक मुलगा, न्हावा शेव्याजवळ एका गोदामात कामाला. लग्न ठरल्यावर एका रविवारी वाडीत आला आणि शहाळं पिता पिता म्हणाला, "आत्या, माझ्या हळदीचा चाकू तू घ्यायचास."

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. नजर लागू नये, बाहेरचं काही बाधू नये, म्हणून लग्न लागेपर्यंत ती जवळून हलवायची नाही. जेवायला बसला तरी मांडीशी, झोपला तरी उशाशी. आणि लग्न झालं की तीच कट्यार माळ्यावर जाते नि गंजत पडते. भाच्याला हे पटत नव्हतं. गोदामात पट्ट्या कापायला, खोकी फोडायला त्याला रोज चाकू लागतो, आणि तिथले ते प्लॅस्टिकचे कटर कटाकट मोडतात. त्याचं म्हणणं, ज्याने एवढा मोठा दिवस राखला तोच चाकू रोज खिशात असू दे की!

"मग आईला सांग घ्यायला," मी म्हटलं.

"आईला विळीपलीकडे काही कळत नाही. तूच घे."

मी हो म्हटलं खरं, पण एक अडचण होती. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून माहेरच्या एकाही हळदीला मी मांडवात पाऊल ठेवलेलं नाही. कोणी 'येऊ नको' म्हटलं, असं नाही हो. म्हणायची वेळच मी येऊ देत नाही. सवाष्णी हळद लावायला उठल्या की मी मागच्या पडवीत, कधी पीठ चाळायला, कधी कांदे चिरायला. कांदे बरे, डोळ्यांचं कोणी विचारत नाही.

पण हा मुलगा वेगळा. याच्या बारशाला याच्या कानात नाव मी सांगितलं होतं. पाठीत बायकांनी असले धपाटे घातले होते की दोन दिवस पाठ शेकत बसले होते. नाव ठेवायला आत्या लागते आणि हळदीला ती चालत नाही, हा कुठला न्याय? मला त्या मांडवात जायचं होतं. सरळ सांगते, फार जायचं होतं. पण आपण होऊन कोणाला विचारीन, तर मी मी कसली!

माहेरी गेले तेव्हा चाकूचा विषय थोरल्या काकींपर्यंत पोचलाच होता. थोरल्या काकी म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको, घरातलं सर्वांत जुनं माणूस. त्या माझ्याही आधी, भर तारुण्यात विधवा झालेल्या. घरातलं कार्य कुठलंही असो, ओटीच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच सगळ्यांना हाकतात. स्वतः मात्र मांडवात उतरत नाहीत.

"मिटनारा चाकू?" काकी म्हणाल्या. "नवऱ्याच्या हातात? अगो, संसार मिटंल त्याचा!"

"काकी, उघडा चाकू खिशात घातला तर संसाराआधी मांडी फाटेल," मी म्हटलं.

वहिनी, म्हणजे नवरदेवाची आई, तोंडाला पदर लावून हसली. काकी हसल्या नाहीत.

"आनि आननार कोन? तू?"

वहिनी सुपातले खडे वेचायला लागली. मी म्हटलं, "हो, मी," आणि पायात चपला घालून तडक म्हसळ्याच्या बसला उभी राहिले. राग आला की माझ्याकडून कामं भराभर होतात.

म्हसळ्याच्या बाजारात हार्डवेअरचं एक जुनं दुकान आहे. मालकांना सगळा बाजार चाचा म्हणतो. मी चाकू म्हटल्याबरोबर त्यांनी भाजीची सुरी पुढे केली.

"ही घ्या ताई, टमाटा कसा लोण्यासारखा कापते."

"चाचा, मिटणारा हवा. खिशात ठेवायचा, रोजच्या वापराचा."

मग काचेखालचा माल बाहेर आला. पहिला सात रंगांचा, मुठीवर कवटी. पोरं हाच घेतात म्हणे. घेवोत बापडी, पण हळदीच्या अंगाला कवटी टेकवायची? दुसऱ्यात चमचा होता, काटा होता, कात्री होती, बाटलीचं बूच काढायचा स्क्रू होता. एवढ्या भाऊगर्दीत पातं शोधायलाच वेळ लागला. तिसरा एवढा जाडजूड, की खिशात ठेवला तर लेंगा खाली यावा.

माझी चाकू बघायची रीत आहे. आधी उघडून पातं आडवं हलवून बघते. डुलत असेल तर खीळ सैल, तो परत. मग पूर्ण उघडून पात्याच्या पाठीवर तळव्याने दाबते. लॉक सुटून मिटायला लागला, तर तो चाकू नव्हे, बोटं तोडायचं यंत्र. मग मूठ ओल्या हाताने धरून बघते, कारण आमच्याकडे हात कोरडा असतो कधी? आणि पातं न गंजणारं हवं. खाऱ्या हवेत साधं पोलाद श्रावण संपायच्या आत लाल होतं. लांबी चार बोटं पुरे. त्याहून मोठं पातं माणूस दाखवायलाच बाळगतो.

पण त्या दिवशी पहिली परीक्षा वेगळी होती. मी म्हटलं, "चाचा, एक लिंबू मागवा."

"सरबत घेणार?"

"नाही, चाकूला द्यायचंय."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि शेजारच्या सोडावाल्याला हाक मारली. लिंबू आलं. कवटीवाल्याच्या टोकाला खोचलं, तर त्याचं लॉकच फुसकं. पातं खाली झुकलं आणि लिंबू घरंगळत काउंटरखाली गेलं. तिसऱ्या जाडजूडाने लिंबाची सरळ दोन शकलं केली आणि रस उडाला चाचांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. "माशाल्ला," चाचा म्हणाले आणि सोडावाल्याकडून आणखी लिंबं मागवली. तोवर दुकानात माणसं जमली होती. रंग घ्यायला आलेला एक जण तर रंग विसरून, आता कुठला, आता कुठला, करत होता.

शेवटी चाचांनी मागच्या फळीवरून एक डबी काढली. काळ्या लाकडाची साधी मूठ, निमुळतं पातं, पाठीला लॉक. लिंबू खोचलं, बसलं. वर केला, खाली केला, मिरवणुकीत नाचवतात तसा नाचवला. लिंबू जागचं हललं नाही.

"ताई, चाकू घेताय की जावई पसंत करताय?"

"दोन्ही एकच की, चाचा. मिटला की गप्प आणि उघडला की शब्दाला पक्का."

सगळं दुकान हसलं. चाकू नवा होता, उघडायला जरा घट्ट होता, पण ते वापराने सैल होतं. घरी येईपर्यंत मी स्वतःवर अशी खूष होते, की बसमध्ये उगाचच तो काढून बघत होते.

हळदीच्या दिवशी मात्र ती खुशी जरा उतरली. संध्याकाळी मांडवात बेंजो सुरू झाला, भाच्याला पाटावर बसवलं, सवाष्णींची रांग लागली. मी चाकू वहिनीच्या ताटात ठेवला आणि नेहमीच्या जागी, मागच्या पडवीत, दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्यांचं पीठ चाळायला बसले. माझं पीठ चाळणं त्या दिवशी गावाला ऐकू गेलं असेल. एवढं आपटत होते.

आणि अचानक बेंजो थांबला.

काय झालं होतं ते सांगते. मांडवात पोरं फिरतात म्हणून वहिनीने चाकू ताटात मिटलेलाच राहू दिला होता. हळद लावून झाली, भाच्याच्या हातात चाकू दिला, पण तेलाने आणि हळदीने त्याचे हात असे माखलेले की नख बसेना. मित्राने बघितलं, त्याचेही हात माखलेले. तिसऱ्याचं नख मोडलं. कोणीतरी पक्कड आणायला धावलं. तेवढ्यात ओटीवरून काकींचा आवाज आला, "म्हनलं व्हतं ना मी! मिटला तो मिटला!"

माझ्या हातातली चाळण तिथेच राहिली. आता हे माझ्यावर येणार. सात पिढ्या सांगतील, आत्याने आणलेला चाकू हळदीला उघडला नाही.

"वन्सं!" वहिनी मांडवातून ओरडली. "ओ वन्सं! इकडे या, तुमचा चाकू उघडेना!"

मी उठून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थबकले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

"उभ्या काय राहिलात? पोरगं ताटकळलंय!"

गेले. पायांना काही विचारलंच नाही. माझे हात कोपरापर्यंत कोरड्या पिठाचे. चाकू घेतला, पिठाची बोटं पात्याच्या खाचेवर बसली आणि खट्ट! उघडला. लिंबू खोचलं. बेंजोवाल्याने असा दणका दिला की माझ्या काळजात वाजला.

भाच्याच्या हातात चाकू देऊन मी वळले, तर त्याने माझं मनगट धरलं.

"कुठे निघालीस? हळद कोण लावणार?"

"हात पिठाचे आहेत रे."

"मग पिठाचे लाव. नाव ठेवलंस तेव्हा कुठे हात बघितले होते?"

मी वहिनीकडे बघितलं. तिने हळदीची वाटीच माझ्यापुढे धरली. मी बोटं बुडवली आणि त्याच्या दोन्ही गालांना लावली. पीठ आणि हळद, पिठलंच व्हायचं बाकी होतं. मी रडत होते आणि हसत होते, आणि त्या गाढवाने आपला गाल माझ्या गालावर घासला. बायका ओरडल्या, वहिनी सगळ्यांत जोरात.

मग एकदम सगळ्यांच्या माना ओटीकडे वळल्या. काकी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. माझ्या बोटांना हळद होती आणि अंगात होता नुकताच आलेला जोर. मी सरळ ओटी चढले. मनात म्हटलं, आज जे काय बोलायचं ते बोलूनच टाकते.

काकी माझ्या हातांकडे बघत होत्या.

"बघत काय ऱ्हायलीस?" त्या हळूच म्हणाल्या. "मी काय त्या पोराची कोन न्हाय?"

मी वाकले आणि त्यांच्या सुरकुतलेल्या गालाला हळद लावली. काकींनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. तर त्यांनी पदर सारखा केला आणि मान वळवून दुसरी बाजू पुढे केली.

"आनि ह्यो गाल कोनी लावायचा?"