परवडत नाही असं न म्हणणारा माणूस

आमच्या आत्याच्या यजमानांनी नुसतं खरं बोलून जेवढी माणसं गारद केली, तेवढी त्यांच्या अख्ख्या पलटणीनं बंदुकीनं केली नसतील. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून तेही मामाच. लष्करात ते कोठारावर कारकून होते. नव्वद सालच्या सुमारास पेन्शन घेऊन वडूजला परतले, तेव्हा त्यांनी एक काळी ट्रंक, एक पालखीवर टाकावा एवढा मोठा रेनकोट आणि एक इंग्रजी शब्द बरोबर आणला. तो शब्द म्हणजे 'अफोर्ड'. इंग्रजी त्यांना आणखीही येत असावं, पण बाकीचं बहुधा त्यांनी गणवेशाबरोबर सरकारजमा केलं होतं.

या शब्दाची दीक्षा त्यांना पलटणीच्या कॅन्टीनमध्ये मिळाली. कुणी एक मोठा अधिकारी कॅमेरा बघत होता. त्यानं किंमत विचारली, कॅमेरा परत काचेवर ठेवला आणि भोवती पंधरा जवान उभे असताना शांतपणे म्हणाला की मला हा अफोर्ड होत नाही. कुणी हसलं नाही, त्याचाही चेहरा पडला नाही, तो निघून गेला. हे बघून मामांना जो धक्का बसला तो जन्मभर ओसरला नाही. "आपल्यात परवडत न्हाई म्हंजी भाव उतरवा," ते मला समजावून सांगायचे. "इकनाराबी परवडत न्हाई म्हनतो, घेनाराबी म्हनतो, आन घटकाभरानं दोगंबी खूश. म्हंजी दोगंबी खोटं बोललं का न्हाई? सायबाच्या भाषेत अफोर्ड न्हाई म्हंजी खिशात न्हाई. इषय संपला." तेव्हापासून त्यांनी परवडत नाही हे शब्द तोंडातून हद्दपार केले. परवडलं तर सांगितलेले पैसे मोजायचे आणि नाही परवडलं तर चारचौघांत अफोर्ड होत नाही म्हणून उठायचं, असा त्यांचा नेम.

या नेमानं सगळ्यात आधी वडूजचा भाजीबाजार हादरला. मी पिशवी धरून त्यांच्याबरोबर होतो. वांगीवालीनं भाव सांगितला, मामांनी पैसे काढून दिले. बाई घाबरली. तिनं पैसे उलटसुलट करून बघितले, मग मामांकडे बघितलं, मग वांग्यांकडे. आपण फारच कमी सांगितलं की हा माणूस आजारी आहे, हे तिला कळेना. शेवटी तीच काकुळतीला आली, "आवं, कमी करा म्हना की. तसंच कसं घेता?" मामा म्हणाले, मला अफोर्ड होतंय, मग कमी कशाला. आणि ही सगळी शोभा होत असताना आत्या दोन ओळी पलीकडे तोंड फिरवून उभी होती. घासाघीस करण्यात आत्याचा हात धरणारं आमच्या तालुक्यात कुणी नव्हतं. तिनं नुसता पदर खोचून भाजीवालीला 'उचल पाटी' म्हटलं तरी भाव खाली यायचा. देवानं अशा बाईला असा नवरा दिला होता.

पण भाजीपर्यंत ठीक होतं. त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न जमवायला निघालो तेव्हा आत्याला सांगलीत स्वतःसाठी एक शालू आधीच बघून ठेवायचा होता. दुकानदारानं गादीवर डाळिंबी रंगाचा शालू असा उलगडला की आत्याचा श्वास अडकला. किंमत ऐकून तिनं रीतीप्रमाणे तो बाजूला सारला आणि आता ती तोंड उघडणार, तेवढ्यात मामा उभे राहिले. "सॉरी, आय कॅनॉट अफोर्ड इट," असं म्हणाले आणि कुणी अंधारात राहू नये म्हणून मराठीतही सांगितलं की आमची तेवढी ऐपत नाही. दुकानातली सगळी बायकामंडळी वळून बघायला लागली. दुकानदाराच्या हातातला कापड मोजायचा गज हातातच राहिला. इतक्या वर्षांत गिऱ्हाईकाच्या तोंडून त्यानं हे वाक्य ऐकलं नसावं. त्यानं दयेपोटी चहा मागवला. आत्यानं कपाला हात लावला नाही, आणि एसटीत विट्याचा स्टँड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मग पलूसच्या पाहुण्यांची बैठक ठरली. सुनंदाची तीन स्थळं आधीच मोडली होती. हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. आदल्या संध्याकाळी तिनं मला बाजूला घेऊन वडिलांबद्दल सांगितलं, "दादा, आबास्नी उद्या जरा आवरा. हे मोडलं तर मी परत कुनाम्होरं बसायची न्हाई." मी कबूल केलं. काय बघून कबूल केलं, देव जाणे.

आमच्याकडच्या बैठकीला एक ठरलेली चाल असते. मुलाकडच्यांनी मागायचं, मुलीकडच्यांनी तीनदा झेपायचं नाही म्हणायचं, मध्यस्थानं दोघांच्या गुडघ्यांना हात लावायचा, आणि मग देण्याघेण्याची याद कागदावर उतरायची. त्या दिवशीही कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं. मुलाचे वडील द्राक्षबागाईतदार, मिशी भारदस्त. त्यांनी मोटारसायकल मागितली. माझ्या वडिलांनी पहिलं 'झेपायचं न्हाई' म्हणायला तोंड उघडलंच होतं. मामा म्हणाले, "व्हय, आय कॅन अफोर्ड. फंडाचं पैसं हायत."

मध्यस्थाला सुपारीचा ठसका लागला. आमच्यापेक्षा पाहुणेच जास्त हादरले, कारण पहिल्याच मागणीला होकार आल्यावर पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मामांचा सदरा मागून ओढला, पण मामा पुढं सरकून, अगदी जिव्हाळ्यानं, मुलाच्या वडिलांना विचारत होते, "आता तुमी सांगा, पावनं. तुमाला अफोर्ड हुईत न्हाई का? हुईत नसंल तर तसं म्हना, गाडी उद्या दारात हुबी करतो. त्यात लाज कसली?"

पाहुण्यांनी टोपी घातली आणि ते उठले. त्यांच्या मागं सगळेच उठले. कागदावर फक्त वधू-वरांची नावं लिहून झाली होती.

सुनंदानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. आत्यानं बोलणं बंद केलं. मामा अंगणात बसून तेच ते बूट पुन्हा पुन्हा पॉलिश करायचे. "मी वंगाळ काय बोललो रं?" असं त्यांनी मला विचारलं. वंगाळ ते काहीच बोलले नव्हते, आणि तरी त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

आठव्या दिवशी दुपारच्या एसटीनं मुलाचे वडील एकटेच आले. आत यायला तयार नव्हते. अंगणातच उभं राहून त्यांनी सांगितलं की दोन सालं दावण्या रोगानं बाग धुऊन नेली, आणि बाग गेली हे गावाला दिसू नये म्हणून तर मोटारसायकल मागितली. घरात बायकोलाही त्यांनी सगळं सांगितलेलं नव्हतं. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "तुमचाच शब्द म्हनतो. न्हाई अफोर्ड हुईत, पावनं. गाडी न्हाई, लगीनबी न्हाई. पर पोराचा जीव पोरीवर हाय."

मामा ताडकन उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्यांना कडक सलाम ठोकला. हातात बुटाचा ब्रश तसाच होता. मी हसणार होतो, पण डोळ्यांत पाणी आलं. गाडी बाजूला राहिली आणि फंडाच्या पैशात अख्खं लग्न मामांनी अंगावर घेतलं.

बस्त्याला पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं आम्हाला ओळखलं आणि आधी चहा सांगितला. सुनंदाची खरेदी झाल्यावर त्यानं तो डाळिंबी शालू पुन्हा आत्यापुढं टाकला. आत्यानं त्याच्यावरून एकदा हात फिरवला. आता ती घासाघीस सुरू करणार म्हणून मी सावरून बसलो. "न्हाई," ती आवाज न उतरवता म्हणाली, "आमाला अफोर्ड हुईत न्हाई. दुसरं दावा."

मी मामांकडे बघितलं. ते शालूकडे बघत होते. त्यांनी घसा खाकरला, इकडंतिकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा दुकानदाराला म्हणाले, "काय कमी-जास्त हुनार न्हाई का?"

मला बैठकीत बसला नव्हता एवढा धक्का तेव्हा बसला. दुकानदारानं थोडे उतरवले. मामा म्हणाले, बरं. पुढं काय म्हणतात हे त्यांना माहीतच नव्हतं. शालू अजूनही आवाक्यापलीकडेच होता आणि ते त्याचा काठ चिमटीत धरून बसून राहिले. आत्यानं तो हळूच त्यांच्या बोटांतून सोडवला, घडी घातली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमाला न्हाई जमायचं ते." मग एक साधी हिरवी साडी घेऊन आम्ही निघालो. त्या दिवशी एसटीत ती खिडकीकडे नाही, मामांच्या शेजारी बसली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुनंदाच्या मुलांनी आजीला शालूही आणून दिले, ते ट्रंकेत आहेत. ती हिरवी साडी विटली तरी बाजाराला जाताना आत्या तीच नेसते. मागच्या खेपेला मी पिशवी धरून तिच्याबरोबर गेलो होतो. वांगीवालीनं भाव सांगितला. मी वाट बघत राहिलो. बाईनं सांगितले तेवढे पैसे आत्यानं काढून दिले आणि ती पुढं चालायला लागली.