लाँड्रीच्या मागची खोली

आर्लीन बील आमच्याच टिबेट कोव्ह या मच्छीमार गावची. तिचा बाप समुद्रात पिंजरे सोडून शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरायचा, आजाही तेच करायचा. ती मात्र शिकायला बाहेर गेली आणि चाळिशीत सोशल वर्कर होऊन परत आली. झालं, गावाने तिला वाळीतच टाकलं. आमच्याकडे सोशल वर्कर म्हणजे सरकारी गाडीतून येऊन पोरं उचलून नेणारी बाई. आमच्या लहानपणी शेजारची दोन भावंडं तशी गेली, ती पुन्हा दिसली नाहीत. आर्लीनचं काम निराळं होतं. मनाने खचलेल्या माणसाचं ऐकायचं आणि त्याच्यावर रीतसर उपचार करायचे, असा तिचा परवाना होता. पण हे समजून घ्यायला तिच्या दारात जावं लागलं असतं, आणि जातंय कोण?

त्यात इथे कुणाची गाडी कुठे उभी आहे, हे दुपारपर्यंत गावभर होतं. आर्लीनने पहिली जागा पोस्टासमोर घेतली आणि अख्खा हिवाळा माशा मारत बसली. मग तिने लाँड्रीच्या मागची खोली भाड्याने घेतली. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. डोकं आमचंच चालत नव्हतं. आमच्या लाँड्रीत नाणं टाकून आपले कपडे आपणच धुवायचे, त्यामुळे तिथे कुणीही जातं. मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन जायचं, मशीन लावायचं आणि मागच्या दाराने आत शिरायचं. कपडे धुऊन वाळेपर्यंत बोलायचं. काही घरांतले कपडे एकदम फारच स्वच्छ दिसायला लागले. एरवी आमचं गाव शिंकेवरही थट्टा करतं, त्यावर मात्र कुणी बोललं नाही.

मी डोरीन. मच्छीमार सोसायटीत शेवंडांच्या तराजूवर बसते. माझा धाकटा भाऊ मर्ल. त्याची बायको कार्ला वसंतात कॅन्सरने गेली. मागे मर्ल आणि नऊ वर्षांची लेक डार्सी राहिली. शरद ऋतू लागला तसा मर्लने बोटीवरचा मदतनीस काढून टाकला आणि एकटाच समुद्रावर जायला लागला.

एका संध्याकाळी मी रिकामी खोकी आणायला त्याच्या बोटीवर चढले, तर सुकाणूशेजारचं सुरीचं म्यान रिकामं. पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्याचा दोर पायात अडकला तर माणूस तळाला ओढला जातो, तो दोर कापायला सुरी हाताशी लागते. ती नसलेला कोळी मी जन्मात पाहिला नव्हता. वाटलं, पडली असेल पाण्यात. नवी आणून दिली. काही दिवसांनी पाहते तर म्यान तसंच रिकामं, आणि नवी सुरी त्याच्या स्वयंपाकघरात, वरचा कागदही न काढलेली.

घरातले टॉवेल पिशवीत कोंबून मी आर्लीनकडे गेले. तिने सगळं ऐकलं.

"त्याला आत्ता घेऊन ये," ती म्हणाली. "येत नसेल तर लगेच मला फोन कर. उद्यावर टाकायचं नाही, डोरीन."

मर्ल भडकला. "तू तिच्याकडे गेलीस? उद्या सरकारी गाडी दारात उभी राहील! डार्सीला नेतील!"

"ओरडू नकोस, पोरगी आत आहे. पिशवी उचल आणि चल."

आर्लीनच्या खोलीत तो बसेना. भिंतीवरची चौकट बघत राहिला.

"हे काय?"

"माझं लायसन."

"सरकारने दिलं ना? म्हणजे त्यांचंच माणूस तू."

"तुझं शेवंडांचं लायसन कुणी दिलं? मग तू काय सरकारी नोकर झालास? तू दुसऱ्याच्या बोटीवर उमेदवारी केलीस, तास भरलेस, मग मिळालं. मीही तेच केलं, वर्षानुवर्षं."

"आणि मी इथे बोललो ते?"

"बाहेर बोलले तर हे भिंतीवरून खाली येईल."

मर्लने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. लायसन जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही.

"पण आणखी एक," आर्लीन म्हणाली. "तुझ्या किंवा पोरीच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. आधीच सांगते, नंतर फसवलं म्हणू नकोस."

मला तिचा असा राग आला! कसाबसा खुर्चीपर्यंत आणलेला माणूस, आणि ही त्याला पळवून लावते. त्याचा हात दाराच्या मुठीवर गेलाच होता. बाहेरचं मशीन थांबलं. आमच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "सुरी मीच काढून ठेवली."

"मरायचा विचार आहे?" आर्लीनने सरळ विचारलं.

"हो. अपघात वाटला असता. डार्सीला कधी कळलं नसतं."

"बस इथे. आता एकट्याने समुद्रावर जायचं नाही. उद्या सकाळी डॉक्टरकडे आपण तिघं जाऊ."

"आणि पोरगी?"

"ती तुझ्याच घरात राहील. आज रात्री डोरीन येईल झोपायला. अरे, तिला बाप राहावा म्हणूनच आपण इथे बसलोय ना?"

मर्ल खाली बसला आणि रडायला लागला. आर्लीनने मला बाहेर पाठवलं. पुढचं मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. तो हंगाम मी त्याच्या बोटीवर मदतनीस म्हणून काढला, उलट्या करत करत. लाँड्रीत तो बरीच वर्षं जात राहिला.

आर्लीन गेल्या मार्चमध्ये गेली. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आमच्यात शवपेटी उचलण्याआधी लोक एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. पाद्रीबाबांनी विचारलं, कोण बोलणार? कुणी उठेना. तिला ओळखता कसे, हेच आधी सांगावं लागलं असतं. सगळे आपापले बूट बघत बसले. तिने आम्हा सगळ्यांची गुपितं झाकली आणि तिच्यासाठी बोलायला एकही तोंड उघडत नव्हतं. माझा जीव नुसता जळत होता, पण सांगण्यासारखं जे होतं ते माझं नव्हतं.

मर्ल उठला. शेजारी डार्सी बसली होती, आता स्वतःची बोट चालवणारी बाई.

"कार्ला गेली त्या वर्षी मी मरायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "आर्लीनने मला मरू दिलं नाही. तिने हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतोय."

डार्सीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, बापाचा दंड धरून त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि तो बसेपर्यंत बसली नाही.